झालं म्हणेपर्यंत

२ मे

थोरले,

हे पत्र फाडायचंच असेल तर निदान वाचून फाड. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागद वाजत नाही, त्यामुळे तुला तो मध्येच तोडता येणार नाही.

काम औषधाचं आहे, दुसरं काही नाही. तुझ्या भाचीला, चिमीला, गाडी लागते. सहा वर्षांच्या पोरीला काय द्यावं, गोळी की पातळ औषध, आणि रोज दिलं तर चालतं का, एवढं कळव. रोज आजाऱ्यांत असतेस, तुला ठाऊक असणार. आम्ही सारखे गाव बदलतो आहोत, तेव्हा उत्तर घरच्या पत्त्यावर टाक. मी घरी पोचेपर्यंत प्रवास संपलेला असेल, हे मलाही कळतं. तरी कळव.

हो, तुझ्या भावाबरोबरच निघाले आहे. धाकटा, त्याची बायको, चिमी, दोन वर्षांचा गोळू आणि कॅमेरे. कॅमेऱ्यांना गाडीत स्वतंत्र जागा आहे. मी दोन पोरांच्या खुर्च्यांच्या मध्ये, बरणीत दाबून भरल्यासारखी. लहान मुलांना घेऊन कसं मजेत फिरावं, हे धाकटा आणि सून लोकांना दाखवतात, ते तू जाणतेसच. पुष्कळ लोक बघतात. हा सुट्टीतला प्रवास म्हणजे नुसती चाचणी. ती जमली की जूनमध्ये मोठी गाडी घेऊन वर्षभर भटकायचं आणि चिमीला शाळेतून काढायचं, असं दोघांचं ठरलंय. चिमी आत्ता कुठे अक्षरं जुळवायला लागली आहे. दुकानांच्या पाट्या वाचते, चुकते, पुन्हा वाचते. ते बंद पडावं असं मला वाटत नाही. पण मला विचारलंय कुणी? मी आपली पोरं धरायला आलेली.

तुला माहीत आहे, डेपोत गाड्या धुण्यात माझा जन्म गेला. लोकांनी काय खाल्लं होतं हे मी त्यांच्या सीटखाली बघून सांगू शकायचे. तिथेच सापडलेल्या, कुणी न नेलेल्या पुस्तकांवर मी वाचायला शिकले, तेव्हा मला त्या घाणीबद्दल राग नाही. ओकारी आली की ओकावं, पुसावं, पुढे जावं. पण काल बघितलं ते मी कधी बघितलं नव्हतं.

घाट लागला तशी चिमी पांढरी पडली. मी पिशवी तिच्या तोंडापुढे धरली. समोरच्या काचेला कॅमेरा चिकटवलेला, त्याचा लाल दिवा चालू होता. चिमीनं त्या दिव्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटले. गाल फुगले. आणि तिनं ते गिळलं. थोरले, तोंडात आलेलं पोरीनं परत गिळलं, आणि हसली. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि खाली दात दिसताहेत.

मी म्हटलं, "गाडी थांबव."

"अगं आई, तिला आता होत नाही काही," धाकटा म्हणाला. "सवय झाली तिला. हो ना गं चिमे?"

"हो बाबा," चिमी म्हणाली. तिच्या तोंडाला वास मारत होता.

त्या क्षणी मला शिसारी आली. पोरीची नव्हे.

औषधाचं तेवढं बघ.

आई

६ मे

थोरले,

तुझं उत्तर यायचं नाही असं धरूनच लिहिते आहे. त्यानं हात मोकळा चालतो.

आम्ही प्रत्येक ठिकाणी दोनदा पोचतो. पहिल्यांदा पोचतो ते चार माणसं पोचतात तसं. गोळू ओला झालेला, चिमीची मान लुळी पडलेली, सुनेचे केस चिकटलेले, कुणाला तरी घाईची लागलेली. मग खोलीत जाऊन सगळ्यांची तोंडं धुवायची, स्वच्छ कपडे चढवायचे, पुन्हा खाली उतरून गाडीत बसायचं, कोपऱ्यापर्यंत जाऊन वळायचं आणि पुन्हा पोचायचं. या दुसऱ्या खेपेला मुलांनी उड्या मारायच्या. परवा सामान उचलणारा बिचारा धावत आला. "काय झालं हो बाई, परत निघालात? खोली आवडली नाही का?"

मी म्हटलं, "आवडायला अजून आलोय कुठे आम्ही?"

 हेही धाकट्यानं टिपलं. बघणाऱ्या लोकांनी मला नाव ठेवलंय, कुरकुरी आजी. मी काही खरं बोलले की त्यांची करमणूक होते म्हणे. म्हणून मी तोंड मिटून बसायला लागले, तर हा म्हणतो, "आई, बोल ना काहीतरी. चिडल्यासारखं बोल, छान वाटतं."

आता मला स्वतःच्या चिडण्याचासुद्धा वीट आलाय.

इथे पलंगावर टॉवेलांचे हंस करून ठेवतात. त्या हंसांत गोळूला ठेवून, त्याच्या डोक्यावर फुलं टाकून, किती वेळ घेतला असेल! गोळूनं एका हंसाची मान चावून सोडवली आणि खाली काय करायचं ते करून ठेवलं. त्याला अजून 'हं' आणि 'झालं' कळत नाही. या अख्ख्या गाडीत तोच एक धड माणूस आहे.

'हं' आणि 'झालं' काय ते सांगते. धाकटा कॅमेरा सुरू करताना 'हं' म्हणतो आणि थांबवताना 'झालं'. या दोन्हींच्या मधल्या वेळात मुलांनी जागचं हलायचं नाही, खाजवायचं नाही, शू लागली म्हणायचं नाही. चिमी यात इतकी तयार झालीय की 'हं' म्हटल्याबरोबर तिचा चेहरा दिव्यासारखा लागतो. आणि 'झालं' म्हटलं की विझतो. मला तो विझलेला चेहराच ओळखीचा वाटतो. पण तोही दिवसेंदिवस कमी दिसायला लागलाय. सकाळी ती फरशीवर घसरून पडली, गुडघा सोलवटला. ओठ थरथरायला लागला तशी लंगडत माझ्याजवळ आली, आधी बापाच्या हाताकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आजी, आत्ता रडू का नंतर?"

मी काही उत्तर द्यायच्या आत तो हुंदका तिनं आवरलासुद्धा.

न्याहारीला अंडी येतात. ताटलीचे फोटो होईपर्यंत पिवळ्यावर साय धरते. मग दोन घास खायचे आणि बाकीचं कचऱ्यात. मी उरलेला पाव रुमालात बांधला तर सून कानाशी येऊन म्हणाली, "आई, नको ना असं. कुणी बघेल."

"बघायला तर तुम्हीच बोलावलंय सगळ्यांना," मी म्हटलं.

सुनेवर मात्र मला नीट रागावता येत नाही. दुपारी न्हाणीत ती गोळूची ओली चादर पिळत होती, मी दुसरं टोक धरलं. पिळता पिळता म्हणते, "तुम्हाला मी आवडत नाही ना?"

"तू आवडतेस. तुला दोन आवाज आहेत, त्यातला एक आवडत नाही."

ती हसली, मग हसू ओसरलं. म्हणाली, "घरी असले की मुलं रडतात, मी ओरडते, भिंतीसुद्धा माझ्यावर चिडल्यासारख्या वाटतात. इथे निदान लोक म्हणतात, काय आई आहे! आई, मला ते ऐकल्याशिवाय आता झोप लागत नाही."

मी चादर घट्ट पिळली.

आई

१० मे

थोरले,

हात सुजलाय, अक्षर वेडंवाकडं येईल. मुंग्या चावल्या. माझं सोड, चिमीचं सांगते.

काल एका तळ्याच्या काठी थांबलो होतो. चिमीला पिवळा फ्रॉक घालून बांधाच्या टोकाला एका झाडाखाली उभं केलं. हात पसरायचे, वर बघून हसायचं. एक कॅमेरा तिच्यासमोर तीन पायांच्या तिकाटण्यावर, दुसरा उडता, वरून फिरणारा. धाकट्यानं लांबून 'हं' म्हटलं. गोळू माझ्या मांडीवर झोपला होता, म्हणून मी गाडीत. काचेतून पिवळा ठिपका दिसत होता, हात पसरलेला.

तो उडता कॅमेरा कशाला तरी अडकला आणि पलीकडच्या गवतात कोसळला. हा ओरडत धावला, त्याच्यामागे सून. दोघं त्या गवतात शिरून शोधत बसले. मला वाटलं, हासुद्धा त्यांच्या कामाचाच काहीतरी प्रकार असेल. ठिपका तसाच उभा होता.

गोळू जागा झाला, रडायला लागला, म्हणून त्याला घेऊन बांधावरून चालत गेले. जवळ जाईपर्यंत मला कळलं नाही. चिमीचे पाय लाल दिसत होते. मोजे घातलेत की काय असं वाटलं. मोजे नव्हते. लाल मुंग्या होत्या, गुडघ्यापर्यंत. पोरगी वारुळावर उभी होती. हात पसरलेले, मान वर, आणि हसत होती.

"चिमे, हल तिथून!" मी किंचाळले.

ती हलली नाही. ओठ न हलवता, दातांतूनच म्हणाली, "बाबांनी झालं म्हटलं नाही."

एक पोर काखेत होतं, दुसऱ्याचा दंड धरून ओढलं. झाडलं, चापटा मारल्या, तळ्याचं पाणी ओतलं. फ्रॉक खालून ओला होता, उभ्या उभ्या शू झाली होती तिला. आणि सांगते तुला, ते हसू निघेना. पाय सुजून लाल झालेले, अंग कापतंय, आणि तोंडावर ते तसंच चिकटलेलं. मी गाल चोळले. म्हटलं, "रड गं बाळे, आता रड." तिला येईना.

सून धावत आली. बघितलं आणि चिखलातच बसली. पोरीचे पाय मांडीवर घेऊन एकेक मुंगी नखानं काढत राहिली.  तो कॅमेऱ्यापुढचा दुसरा आवाज तर कुठच्या कुठे गेला होता.

आणि तुझा भाऊ. तो मोडका कॅमेरा छातीशी धरून आला. "बापरे," म्हणाला, औषधाच्या दुकानाकडे गाडी पळवली, मलम आणलं, ते सगळं केलं. खोटं कशाला बोलू? पण पायांना मलम लागलं, पोरगी निजली, आणि यानं तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यातलं बघायला घेतलं. तो कॅमेरा सगळा वेळ चालूच होता. बघता बघता याचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता तरी. तर म्हणतो, "आई, बघ ना. एकदासुद्धा खाली बघितलं नाही तिनं. काय पोरगी आहे!"

त्याच्या आवाजात कौतुक होतं. खरंखुरं, पोटातून आलेलं. खोटं असतं तर मी सहन केलं असतं.  हा माझ्या पोटचा, याला मी न्हाऊ घातलंय, याच्या तोंडातला घास मी माझ्या हातानं मऊ केलाय. मी उठून न्हाणीत गेले आणि ओकले.

आई

११ मे

थोरले,

कालचं पत्र टाकलं आणि आज पुन्हा लिहायला बसले.

धाकट्यानं केलेलं तुझ्या बाबांचं ते शेवटचं, दवाखान्यातलं चित्रण मी कधी बघितलं नव्हतं. तू म्हणालीस, बघू नकोस. तो म्हणाला, बघ, हजारो लोक रडले. मी बघितलं नाही, पण तुझं ऐकून नव्हे. मी त्यांना जितेपणी डोळ्यांनी बघितलंय, मला डबीत कशाला बघायचं? तू मात्र ते बघितलंस, भावाच्या तोंडावर दार आपटलंस आणि गेलीस. तू एवढी का पेटलीस, ते मला नीट कळलंच नव्हतं.

आज जेवणं झाल्यावर मी त्याला म्हटलं, "ते दाखव."

त्याला बरं वाटलं. व्हरांड्यात खुर्ची मांडून दिली, ऊन येत होतं तर हातानं सावली धरली.

उशीला टेकवलेत त्यांना. ओठांना भेगा. सदऱ्याची वरची गुंडी उघडी, तिथली हाडं दिसतात. आणि धाकट्याचा आवाज. "बाबा, इकडे बघा. हसा थोडं, लोक तुमची चौकशी करताहेत."

आणि ते हसले, थोरले. मी ते हसू ओळखलं. परवाच बघितलं होतं, तळ्याच्या काठी.

मग विचारतात, "झालं का रे?"

"एकच मिनिट, बाबा."

पुन्हा हसले. ज्या माणसानं जन्मभर बस चालवली, साहेबाला तोंडावर नाही म्हटलं, तो माणूस दुखणं गिळून पोराची मर्जी राखत होता. पुन्हा विचारतात, "झालं का?" आणि तेवढ्यात बाजूनं एक हात येतो. ओलं फडकं धरलेला. ओठांवर फडकं टेकवतो, मग सरळ कॅमेऱ्यावर येतो आणि सगळं काळं होतं.

तो हात तुझा आहे. तुझ्या अंगठ्यावरची भाजल्याची खूण मला दिसली.

धाकटा म्हणाला, "शेवट ताईनं खराब केला. पण लोकांना तोही आवडला."

मी फोन त्याच्या हातात दिला.   आता उलटीचं औषध विचारायला मी तुला पत्र लिहीत नाही, हे तुलाही कळलं असेल आणि मलाही कळलंय. परवा नळाच्या वळणावर जायचंय. त्याला तिथे बाबांवर काहीतरी करायचंय.

आई

१४ मे

थोरले,

हे घाईत लिहिते आहे, बसस्थानकातल्या बाकावर. बस सुटायला वेळ आहे. शेजारी चिमी बसली आहे आणि समोरची पाटी वाचते आहे. 'पिण्याचे पानी.' आणि स्वतःच म्हणाली, "नाही, पाणी."

कसं झालं ते सांगते.

नळाचं वळण तुला आठवत असेल. लहानपणी सुट्टीत बाबांच्या मागच्या सीटवर बसून तू यायचीस. त्या घाटात अर्धी गाडी पिवळी पडलेली असायची, म्हणून बाबा त्या वळणावर न चुकता बस लावायचे. कुणी म्हणायची वाट बघायचे नाहीत. कोण ओकतंय ते मागं वळून बघत नसत, कुणी नाक मुरडलं तर त्याला दटावायचे. नळावर तोंड धुऊन सगळे परत चढले की विचारायचे, "झालात ना मोकळे? चला मग." वरच्यांनी उशीर झाला म्हणून किती वेळा झापलं, पण त्यांनी ती सवय सोडली नाही.

मी हे कौतुकानं धाकट्याला कधीतरी सांगितलेलं. त्यानं त्याचा कार्यक्रम केला. नळाच्या दगडाला बाबांचा फोटो टेकवला. मी ही गोष्ट सांगायची, सांगता सांगता मला रडू यायचं, आणि चिमीनं माझे डोळे पुसायचे. चिमीला लांब मोजे घातलेले, फोड दिसू नयेत म्हणून. मोज्याच्या आत तिचा पाय सारखा थरथरत होता.

"हं," धाकटा म्हणाला.

चिमीचा चेहरा दिव्यासारखा लागला. मी त्या चेहऱ्याकडे बघितलं, मग फोटोतल्या चेहऱ्याकडे. आणि म्हटलं, "झालं, बाळ."

चिमी गोंधळली. तिनं बापाकडे बघितलं.

"आई, ते मी म्हणायचं," धाकटा म्हणाला. "पुन्हा. हं."

"झालं."

"आई! काय चाललंय तुझं?"

"काही नाही. झालं, एवढंच."

"तू सुरूच केलं नाहीस तर होईल कसं? बाबांसाठी आहे ना हे? बाबांसाठीसुद्धा तुला दोन शब्द बोलवत नाहीत?"

"बाबांनी तुला दोनदा विचारलं होतं, झालं का म्हणून. तू एकदाही हो म्हटलं नाहीस."

त्याचा चेहरा उतरला. क्षणभर, लहानपणी पडायचा तसा. वाटलं, आता याला कळलं. पण त्यानं कॅमेऱ्याकडे बघून घेतलं, दिवा चालू आहे ना ते. मग पुन्हा म्हणाला, "हं."

या वेळी मी तोंड उघडायच्या आत चिमीच म्हणाली, "झालं." अगदी हळू म्हणाली. मग तिथेच, नळाच्या ओल्या दगडावर बसली, मोजे ओढून काढले आणि खाजवायला लागली. दोन्ही हातांनी, खसाखसा, तोंड वेडंवाकडं करून. सुनेच्या कडेवरून गोळू टाळ्या पिटायला लागला. "दालं! दालं!" तो काही थांबेना.

धाकटा भडकला. मी त्याचं काम बुडवते, मी त्याच्या यशावर जळते, मी ताईच्या वळणाची झाले, सगळं बोलला. शेवटी म्हणाला, "तू घरी जा. पुढच्या गावात सोडतो, मिळेल त्या बसनं जा."

"जाते," मी म्हटलं. "चिमीला घेऊन जाते. ती शाळेत जाईल. वर्षभर काय फिरायचं ते तुम्ही फिरा."

"ती माझी मुलगी आहे!"

"तुझीच आहे. वारुळावर उभी होती तेव्हाही तुझीच होती."

तो सुनेकडे वळला. "तू सांग ना हिला काहीतरी."

सून बराच वेळ चिमीचे पाय बघत होती. मलम तीच लावते रोज, मला बोट लावू देत नाही. ती गाडीकडे गेली. मला वाटलं, रुसून आत बसेल. तिनं चिमीची पिशवी काढली, त्यात चपला टाकल्या, मलमाची नळी टाकली, टोपी टाकली, पुन्हा काढून झटकली, पुन्हा टाकली. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "सकाळी लवकर उठवलं तर चिडते ती. आधी चिडायची. बघा, अजून चिडते का."

"अगं, तू काय करतेयस कळतंय का तुला?" धाकटा म्हणाला.

"कॅमेरा बंद कर," ती म्हणाली.

मी त्या दोन आवाजांतला ओळखीचा आवाज ऐकला. आणि थोरले, त्यानं बंद केला. आईचं ऐकून नव्हे, बायकोचं. चालेल.

बस लागली. संपवते.

आई

१९ मे

थोरले,

घरी पोचलो. एकदाच पोचलो.

बसमध्ये खिडकीजवळ चिमीला बसवलं होतं. घाट उतरताना ती पांढरी पडली. ओठ मिटले, गाल फुगले. तिनं समोर बघितलं. समोर पुढच्या माणसाचं टक्कल होतं, बाकी काही नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं. मी मांडी पुढे केली. वाटलं, गिळते की काय.

तिनं भडाभडा ओकलं. माझ्या मांडीवर, शालीवर, सीटवर, त्या टकल्या माणसाच्या कॉलरवर. आणि मग रडायला लागली. कसं रडली म्हणून सांगू! नाक, तोंड, सगळं एक झालं, भोकाड पसरलं नुसतं. पडल्याचं, मुंग्यांचं, आई मागे राहिल्याचं, सगळं एकदम बाहेर आलं. फार कुरूप दिसत होती. मी बघत राहिले, माझं मन भरेना.

कंडक्टर आला. "अहो आजीबाई, पिशवी धरायची ना! आत्ताच धुऊन आणलीय गाडी."

"पाण्याची बाटली द्या, मी धुते. तुमच्या माणसांनी सीटखाली हात घातलेला दिसत नाही, तेही धुऊन देते."

टकला माणूस कॉलर पुसत म्हणाला, "राहू द्या हो. आमच्या घरीही एक आहे, याच वयाची." आणि चिमीला म्हणाला, "झालीस का मोकळी?"

मी तोंड खिडकीकडे वळवलं. बाबा गेल्यापासून मी रडलेली तू बघितलेली नाहीस, त्या बसनं बघितली. तिथे ते लिहून ठेवणारं किंवा टिपून घेणारं कुणी नव्हतं, हे बरं झालं.

दार उघडलं तर उंबऱ्याशी तुझं पाकीट. गोळीचं नाव, अर्धी द्यायची, निघायच्या आधी, रोज नको. वर आई नाही, खाली तुझं नाव नाही, औषधाच्या चिठ्ठीवर असतं तसं कोरडं. पण 'रोज नको'च्या खाली तू पेन दाबून रेघ मारली आहेस, कागद फाटलाय तिथे. त्या रेघेवरून मी बोट फिरवलं.

सुनेचा रोज फोन येतो, चित्र न दाखवता, नुसता आवाज. शाळेशी ती स्वतः बोलली, चिमीचं नाव तसंच राहील. मोठी गाडी मात्र ठरलीच आहे, जूनमध्ये निघतील तिघं. गोळूचं काय, हे मला खातं. तो अजून चावतो, एवढाच आधार. धाकटा माझ्याशी बोलत नाही. म्हणजे आता माझी दोन्ही पोरं माझ्याशी बोलत नाहीत. त्यातल्या एकीचंच मला वाईट वाटतं, हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

त्यानं ते तळ्याकाठचं लोकांना दाखवलं. शेजारीण मोठ्या हौसेनं सांगत आली. "काय गोड हसते हो तुमची नात!" मी तिला म्हटलं, आत ये आणि बघ. चिमी कोपऱ्यात बसून पायाच्या खपल्या काढत होती, तिनं शेजारणीला जीभ दाखवली. आता सकाळी उठवलं की चिडते, पांघरूण ओढते, काल मला लाथ मारली. सुनेला सांगितलं तर ती फोनवर म्हणाली, "जोरात मारली?"

गोळी आणलेली नाही. लागली गाडी तर लागू दे.

चिमी विचारते, आत्या कशी दिसते. फोनमध्ये तुझे फोटो आहेत, पण मी ते काढून दाखवले नाहीत. तिला म्हटलं, आली की बघ.

आई